डबल बाय कुणाला? कॉलेज बास्केटबॉलच्या मानांकनाचा अंदाज स्वतः बांधण्यासाठी

अमेरिकेत पर्ड्यूला किंवा इलिनॉयला घरातलं कुणी शिकत असेल, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोनवर असं काहीतरी कानावर पडतं: "आपण जिंकलो आणि ते विस्कॉन्सिनवाले हरले, तर डबल बाय!" बोलणारा खुशीत असतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून सगळं जातं. हा लेख ऐकणाऱ्यासाठी आहे. बास्केटबॉलचे नियम यात नाहीत. कॉन्फरन्स स्पर्धा सुरू होण्याआधी कोणता संघ कितव्या मानांकनावर बसेल, याचा अंदाज आपला आपण कसा बांधायचा, एवढंच आहे.

उदाहरणासाठी बिग टेन कॉन्फरन्सचा २०२४-२५ चा पुरुषांचा हंगाम घेतलाय. त्याच्या शेवटच्या तीन दिवसांत मानांकनाचे जवळपास सगळे पेच एकाच वेळी पाहायला मिळाले, आणि शिकायला असा हंगाम शोधून सापडणार नाही. कागद, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. खोडरबर विसरू नका.

पायरी १: दोन मानांकनं वेगळी ठेवा

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून आधी हे उरकू.

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. ते निरनिराळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांत, वाटलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक संघ मुख्यतः आपल्याच कॉन्फरन्समधल्या संघांशी साखळी सामने खेळतो. मार्चमध्ये कॉन्फरन्सची स्वतःची बाद फेरीची स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात. २०२५ मध्ये त्यातले ३१ असे थेट आले आणि उरलेले ३७ निवड समितीने निवडले.

म्हणजे एकाच संघाला आठवडाभरात दोनदा मानांकन मिळतं. पहिलं कॉन्फरन्स स्पर्धेसाठी. ते निव्वळ हिशेबाने ठरतं: साखळीत किती जिंकले, किती हरले, बरोबरी झाली तर नियम काय. त्यात कुणाच्या मताला जागा नाही. दुसरं राष्ट्रीय स्पर्धेसाठी. ते समितीतली माणसं बसून, चर्चा करून, मतदान करून ठरवतात. पहिल्याचा अंदाज चुकला तर तुमचा हिशेब चुकला. दुसऱ्याचा चुकला तर तुम्ही बहुतेक चारचौघांसारखेच चुकलात.

एकाचे नियम दुसऱ्याला लावले की गोंधळ सुरू होतो. "आमचा संघ कॉन्फरन्समध्ये तिसरा, मग राष्ट्रीय स्पर्धेत पाचवं मानांकन कसं?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. २०२५ मध्ये तो मिशिगनच्या चाहत्यांनी विचारला. त्यांच्याकडे पायरी ६ मध्ये येऊ.

पायरी २: स्पर्धेचं स्वरूप शोधा आणि रेषा आखा

प्रत्येक कॉन्फरन्सचं स्वरूप वेगळं, आणि ते अधूनमधून बदलतं. गेल्या वर्षीचा तक्ता आठवून यंदाचा अंदाज बांधायला जाऊ नका.

२०२५ मध्ये बिग टेनचे संघ होते १८. आदल्या उन्हाळ्यात यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन असे पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ आले आणि आकडा तिथवर गेला. स्पर्धा १२ ते १६ मार्च, इंडियानापोलिसच्या गेनब्रिज फील्डहाउसमध्ये. प्रवेश मात्र १५ संघांनाच. तळाचे तिघे घरी.

आता बायचा हिशेब, २०२५ च्या स्वरूपाप्रमाणे. बाय म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत जाणं. दहा ते पंधरा मानांकनाचे सहा संघ बुधवारी पहिली फेरी खेळतात: १० विरुद्ध १५, ११ विरुद्ध १४, १२ विरुद्ध १३. पाच ते नऊ मानांकनवाल्यांना एक बाय, ते गुरुवारी उतरतात. पहिल्या चौघांना दोन बाय, म्हणजे थेट शुक्रवारी उपांत्यपूर्व फेरी. हाच तो डबल बाय. चषक उचलायला पहिल्या चौघांना तीन विजय लागतात, मधल्या पाच जणांना चार, आणि खालच्या सहा जणांना पाच दिवसांत पाच.

कागदावर १ ते १८ आकडे उभे लिहा आणि तीन आडव्या रेषा मारा: ४ आणि ५ च्या मध्ये, ९ आणि १० च्या मध्ये, १५ आणि १६ च्या मध्ये. सातवा की आठवा यावर रात्र जागवू नका. ज्या संघाचं भवितव्य रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला असं लटकलंय, तिथेच डोकं चालवायचं.

दुसऱ्या कॉन्फरन्सचा अंदाज बांधायचा असेल तर रेषाही दुसऱ्या. आयव्ही लीगमध्ये फक्त चार संघ स्पर्धेत येतात, म्हणून तिथे एकच रेषा, पण जीवघेणी. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पहिले दोन थेट उपांत्य फेरीत उतरतात. पेट्रियट लीगमध्ये सामना वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या कोर्टवर होतो, त्यामुळे तिथे प्रत्येक पायरीला किंमत आहे. बिग टेननेही २०२६ पासून स्वरूप बदललं: स्पर्धा शिकागोला, अठराच्या अठरा संघांना प्रवेश, पहिल्या चौघांना तीन बाय. मला विचाराल तर हा बदल रुचलेला नाही. पंधरा-सोळामधली रेषा पुसली की तळाच्या संघांच्या शेवटच्या आठवड्यातला जीवच जातो. तो आठवडा काय चीज असतो, ते खाली नेब्रास्काच्या गोष्टीत दिसेल.

पायरी ३: तक्ता मांडा, पण पराभवांच्या बाजूने वाचा

बिग टेनमध्ये प्रत्येक संघ कॉन्फरन्सचे २० सामने खेळतो. प्रतिस्पर्धी १७, त्यातल्या तिघांशी दोनदा आणि चौदा जणांशी एकदा. त्यामुळे वेळापत्रक सगळ्यांना सारखं कधीच पडत नाही. कुणाला तळाचा संघ दोनदा मिळतो, कुणाला मिशिगन स्टेट. हे अन्याय्य आहे, पण मानांकनाचा हिशेब याची दखल घेत नाही, म्हणून तुम्हीही घेऊ नका. फक्त कॉन्फरन्समधलेच विजय-पराभव धरायचे हेही लक्षात असू द्या. नोव्हेंबरात कुणी अलाबामाला हरवलं असेल, त्याचा इथे उपयोग शून्य.

तक्त्यात संघाचं नाव, विजय, पराभव, उरलेले सामने कुणाशी आणि कुठे, एवढंच लिहा. हंगामाच्या शेवटी सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात. म्हणून विजयांकडे पाहून फसायला होतं. पराभव पुसता येत नाहीत, ते पाहा.

आता एक छोटं सूत्र, ज्याने निम्मं काम होतं. आपल्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्या संघाचे पराभव यांची बेरीज करा. बेरीज २० झाली की तो संघ तुम्हाला जास्तीत जास्त गाठू शकतो, मागे टाकू शकत नाही. २१ झाली की गाठूही शकत नाही.

५ मार्च २०२५ च्या रात्री हे लावून पाहू. मिशिगन स्टेटचे विजय १५. मागे मिशिगन, १४ विजय आणि ४ पराभव. बेरीज १९, म्हणजे काहीच पक्कं नाही. त्या रात्री मेरिलँडने मिशिगनला त्यांच्या घरी, ॲन आर्बरमध्ये हरवलं. मिशिगनचे पराभव ५, बेरीज २०: मिशिगन स्टेटला साखळीत निदान संयुक्त पहिलं स्थान, तेही मैदानात न उतरता. दुसऱ्या दिवशी ते आयोवाशी जिंकले. विजय १६, बेरीज २१. विषय संपला, आणि ९ मार्चला याच दोघांची गाठ होती तरी पहिल्या मानांकनासाठी ती निरर्थक ठरली. मिशिगन स्टेटने तीही जिंकली आणि १७-३ वर, म्हणजे १७ विजय आणि ३ पराभवांवर, हंगाम संपवला.

एक सावधगिरी. उरलेले सामने दोन प्रतिस्पर्ध्यांमध्येच असतील, तर दोघेही जिंकतील असं गृहीत धरून पुढचा हिशेब करू नका. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण घाईत केलेल्या दहापैकी निम्म्या तक्त्यांत असा एक अशक्य शनिवार दडलेला असतो. अशा सामन्याभोवती गोल करा. २०२५ च्या शेवटच्या वीकेंडला दोन रेषा अशा गोलांनीच ठरल्या. ८ मार्चला इंडियाना आणि ओहायो स्टेट दोघेही ९-१० वर होते आणि एकमेकांशी खेळले. इंडियाना ६६-६० ने जिंकलं, नववं मानांकन आणि बुधवारची सुट्टी त्यांना. ओहायो स्टेट दहावं. आणि ९ मार्चला नेब्रास्का ७-१२ वर, आयोवा ६-१३ वर, सामना नेब्रास्काच्या घरी लिंकनला. नेब्रास्का जिंकलं असतं तर ८-१२ वर सुखाने आत, आयोवा बाहेर. जिंकलं आयोवा. मग ७-१३ वर पाच संघ अडकले: मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, यूएससी, आयोवा, नेब्रास्का. जागा उरल्या होत्या चार. टायब्रेकरने, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या नियमाने, नेब्रास्काला सोळाव्या जागी ढकललं आणि पेन स्टेट, वॉशिंग्टनबरोबर त्यांचाही हंगामाचा हा भाग तिथेच संपला.

पायरी ४: टायब्रेकर

इथे जरा थांबू. बहुतेक लोकांचा धीर इथेच सुटतो.

आयपीएल पाहणाऱ्याला आधी एक सवय मोडावी लागते. तिथे गुण सारखे झाले की नेट रनरेट काढतात, त्यामुळे मोठ्या फरकाने जिंकण्याला भाव आहे. बिग टेनच्या टायब्रेकरमध्ये किती गुणांनी जिंकलात याला काडीची किंमत नाही. एका गुणाने जिंका की चाळीसने, विजय तो विजय.

दोन संघ बरोबरीत असतील तर पहिला प्रश्न: एकमेकांशी खेळले तेव्हा कोण जिंकलं? मेरिलँड आणि मिशिगन दोघेही १४-६ वर संपले. ५ मार्चची ॲन आर्बरची ती रात्र पुन्हा कामी आली: मेरिलँड दुसरं, मिशिगन तिसरं. इलिनॉय आणि ओरेगॉन १२-८ वर. इलिनॉयने जानेवारीत ओरेगॉनला त्यांच्याच घरी १०९-७७ असं धुतलं होतं. सातवं इलिनॉय, आठवं ओरेगॉन. फरक ३२ गुणांचा होता म्हणून काही जास्तीचं मिळालं नाही. आपसातले सामने एक-एक सुटले असतील, तर तक्त्यात सर्वांत वर असलेल्या संघाविरुद्ध दोघांची कामगिरी पाहायची. तिथेही सारखी असेल तर दुसऱ्या क्रमांकाविरुद्ध, मग तिसऱ्या, असं उतरत जायचं.

तीन किंवा जास्त संघ असतील तर त्यांचा छोटा तक्ता मांडायचा: फक्त आपसातले सामने धरून कुणाचे किती विजय. तिथेही तिढा सुटला नाही, तर पुन्हा वरच्या संघाविरुद्धची कामगिरी.

आता २०२५ चा तो वीकेंड. ७ मार्च, शुक्रवार सकाळ. पर्ड्यू १३-६, विस्कॉन्सिन १३-६, यूसीएलए १२-७. प्रत्येकाचा एकच सामना बाकी. चौथ्या मानांकनावर, म्हणजे शेवटच्या डबल बायवर, यूसीएलएचा दावा कुणी मनावर घेत नव्हतं. एक सामना मागे, पुढे दोन दोन संघ. पर्ड्यूला इलिनॉयच्या घरी जायचं होतं, ते अवघड होतं. पण विस्कॉन्सिनसमोर घरच्या कोर्टवर पेन स्टेट होतं, जे स्पर्धेत येण्याच्याही लायकीचं ठरलं नव्हतं.

शुक्रवारी पर्ड्यू इलिनॉयकडून ८८-८० हरलं. शनिवारी पेन स्टेटने मॅडिसनला जाऊन विस्कॉन्सिनला ८६-७५ हरवलं. त्याच दिवशी यूसीएलएने शेजारच्या यूएससीला सहज लोळवलं. तिघेही १३-७.

छोटा तक्ता मांडा. यूसीएलएने जानेवारीत विस्कॉन्सिनला ८५-८३ हरवलं होतं. विस्कॉन्सिनने फेब्रुवारीत पर्ड्यूला त्यांच्याच घरी ९४-८४ हरवलं होतं. पर्ड्यूने फेब्रुवारीच्या अखेरीस यूसीएलएला ७६-६६ हरवलं होतं. तिघांचाही एक विजय, एक पराभव. तिढा कायम.

म्हणून पुढची पायरी: पहिल्या क्रमांकाच्या मिशिगन स्टेटविरुद्ध कोण कसं खेळलं? विस्कॉन्सिन हरलं होतं. पर्ड्यू हरलं होतं. यूसीएलएने ४ फेब्रुवारीला त्यांना ६३-६१ हरवलं होतं. दोन गुणांनी. चौथं मानांकन यूसीएलएला.

आणि आता तो नियम, जो माहीत असण्या-नसण्यानेच माणसामाणसांत खरा फरक पडतो: गटातून एक संघ सुटला की उरलेल्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. उरले विस्कॉन्सिन आणि पर्ड्यू. दोनच संघ, म्हणून आपसातला सामना. तो विस्कॉन्सिनने जिंकला होता. पाचवं विस्कॉन्सिन, सहावं पर्ड्यू. ज्यांनी मिशिगन स्टेटवरून पुढे मेरिलँडवर, मग मिशिगनवर असं घसरत जाऊन उरलेल्या दोघांना लावलं, त्यांनी विनाकारण घाम गाळला. कधी कधी अशा वाटेने उत्तरही चुकतं.

यातून व्यवहारात करायचं काय? फेब्रुवारीच्या मध्यापासून तक्त्याशेजारी एक जादा रकाना ठेवा: हा संघ अव्वल संघाविरुद्ध जिंकला का? चारपाच संघ एकत्र अडकण्याची चिन्हं दिसू लागली की तो रकानाच उत्तर देतो. ४ फेब्रुवारीला ज्याने ही नोंद केली होती, त्याला ७ मार्चच्या सकाळी यूसीएलए चौथं येऊ शकतं हे दिसलं असतं.

पायरी ५: आकडा नको, वाट पाहा

मानांकन ठरलं की ब्रॅकेट, म्हणजे बाद फेरीचा तक्ता, भरा. पहिल्याच्या अर्ध्या भागात ४, ५, ८, ९ येतात, दुसऱ्याच्या अर्ध्यात ३, ६, ७, १०. म्हणून चौथं मानांकन मिळणं म्हणजे डबल बाय खरा, पण उपांत्य फेरीत अव्वल संघ समोर उभा. काही वेळा सहावं मानांकन पाचव्यापेक्षा सोयीचं असतं, कारण त्या बाजूचा वरचा संघ तुमच्या शैलीला मानवणारा असतो. हे मुद्दाम ठरवून मिळवता येत नाही, पण अंदाज लिहिताना सांगायला हवं.

विस्कॉन्सिनचं काय झालं पाहा. पाचवं मानांकन म्हणून गुरुवारी नॉर्थवेस्टर्नशी, ७०-६३. शुक्रवारी समोर कोण? डबल बाय घेऊन ताजंतवानं बसलेलं यूसीएलए. त्यांना ८६-७० उडवलं. शनिवारी मिशिगन स्टेटला ७७-७४. रविवारी चौथ्या दिवशी चौथा सामना, मिशिगनशी, जो संघ तिसराच सामना खेळत होता. ५३-५९ असा पराभव. पाय जड झाले म्हणूनच हरले असं मी म्हणणार नाही. पण ८ मार्चला पेन स्टेटशी जिंकले असते तर निदान ती सबब तरी उरली नसती.

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती ऐकून लोक भलत्या आशा बाळगतात. २०११ मध्ये कनेक्टिकटने बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये नवव्या मानांकनावरून, केम्बा वॉकर या खेळाडूच्या जोरावर, पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. २०२४ मध्ये एनसी स्टेटने एसीसी कॉन्फरन्सच्या स्पर्धेत दहाव्या मानांकनावरून तसंच केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. इतक्या वर्षांत त्याच त्याच दोन सांगाव्या लागतात यावरून काय ते समजा.

पायरी ६: समितीचं डोकं

आता दुसरं मानांकन. निवड समितीत १२ जण असतात, विद्यापीठांचे क्रीडा संचालक आणि कॉन्फरन्सचे आयुक्त. ते आधी संघ निवडतात, मग त्यांना १ ते ६८ अशा यादीत लावतात. वरचे चार पहिलं मानांकन, पुढचे चार दुसरं, असं.

कॉन्फरन्सच्या तक्त्यातला क्रमांक हा त्यांचा निकष नाही. त्यांच्यासमोर प्रत्येक संघाचं एक पान असतं, ज्यात नोव्हेंबरपासूनचे सगळे सामने येतात. मुख्य चाळणी म्हणजे २०१८-१९ पासून वापरात असलेली नेट नावाची क्रमवारी. तिच्यावरून सामने चार गटांत पडतात. पहिला गट सर्वांत कठीण: घरच्या कोर्टवर नेटमधल्या पहिल्या ३० संघांशी, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० शी, परक्या कोर्टवर पहिल्या ७५ शी. या गटातले विजय म्हणजे रोख पैसा. चौथ्या गटातला पराभव म्हणजे कर्ज. २०२४-२५ पासून त्या पानावर आणखी एक आकडा आला: तुमच्याच वेळापत्रकावर काठावरचा, म्हणजे जेमतेम निवडला जाईल असा, संघ सरासरी किती सामने जिंकला असता, आणि तुम्ही त्याहून किती जास्त जिंकलात. मला तो आकडा नेटपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात किती गुणांनी जिंकलात हे शिरत नाही.

निकाल काय लागला ते शेजारी शेजारी ठेवा. मिशिगन: साखळीत तिसरं, कॉन्फरन्स स्पर्धेचा विजेता. राष्ट्रीय मानांकन पाचवं. अंतिम सामना त्यांच्याशी हरलेलं विस्कॉन्सिन: तिसरं. उपांत्य फेरीत त्यांच्याकडून एका गुणाने हरलेलं मेरिलँड: चौथं. उपांत्यपूर्व फेरीत त्यांच्याकडून ८६-६८ मार खाल्लेलं पर्ड्यू: तेही चौथं! ॲन आर्बरला संताप झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण पूर्ण हंगाम पाहिला तर मिशिगनने बरेच सामने निसटत्या फरकाने जिंकले होते, आणि साखळीचे शेवटचे तिन्ही हरले होते. शिवाय बिग टेनचा अंतिम सामना संपतो तेव्हा घोषणेला फार वेळ उरलेला नसतो. एका दुपारने यादी उलटीपालटी होईल अशी आशा धरू नका. चाहत्यांना हे कटू वाटतं, अंदाज बांधणाऱ्याने पाठ करून ठेवावं.

काठावरच्या संघांना मात्र ही कॉन्फरन्स स्पर्धा खरोखर तारते किंवा बुडवते. इंडियानाला नववं मानांकन मिळालं, म्हणून पहिलाच सामना ओरेगॉनशी, तटस्थ ठिकाणी: पहिल्या गटातला विजय मिळवायची संधी. ५९-७२ हरले. दहाव्या ओहायो स्टेटला बुधवारी पंधराव्या आयोवाशी खेळावं लागलं, म्हणजे जिंकून फार मिळकत नाही आणि हरलं तर सगळंच गेलं. ७०-७७ हरले. रविवारी समितीने थोडक्यात हुकलेल्या चार संघांची नावं जाहीर केली, त्यांत दोघेही होते. बिग टेनचे आठ संघ आत गेले, पहिल्या आठ मानांकनांचे तेच आठ.

आणि काठावर बसणाऱ्याने दुसऱ्यांच्या स्पर्धांवरही डोळा ठेवावा. एखाद्या कॉन्फरन्समध्ये ज्याची निवड अन्यथा झालीच नसती असा संघ स्पर्धा जिंकला, तर तो समितीच्या वाट्याची एक जागा खाऊन जातो. २०२४ चं एनसी स्टेट हे त्याचं ठसठशीत उदाहरण. ते अकरावं राष्ट्रीय मानांकन घेऊन थेट अंतिम चौघांत पोहोचले, ते वेगळंच.

पायरी ७: अंदाज लिहा आणि गजर लावा

प्रत्येक संघासाठी तीन ओळी पुरतात. सर्वांत वर कितवा येऊ शकतो, सर्वांत खाली कितवा, आणि बहुधा कितवा. "बहुधा"च्या पुढे कारण लिहा, आणि कारणात टायब्रेकर असेल तर कोणता तेही लिहा. "यूसीएलए: बहुधा सहावं. पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन दोघेही हरले तर चौथं, कारण मिशिगन स्टेटवरचा विजय." असं लिहिलेलं वाक्य चुकलं तरी त्यातून शिकता येतं. नुसते आकडे लिहिले तर चूक कुठे झाली तेही सापडत नाही. राष्ट्रीय मानांकनाला एकच आकडा देऊ नका, "चार किंवा पाच" असं लिहा. समितीतल्या बारा जणांना आपसात एकमत करायला अख्खे दिवस लागतात.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे सरकतात. त्याआधी न्यूयॉर्क-इंडियानापोलिसची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यानंतर साडेनऊ. साखळीचा शेवटचा वीकेंड नेमका या बदलावर येतो, तेव्हा शनिवारी लावलेला गजर सोमवारी पुन्हा तपासा. २०२५ मध्ये बिग टेनची उपांत्यपूर्व फेरी शुक्रवारी तिथल्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री ९:३० ला सुरू झाली. तो दिवस धुळवडीचा होता, त्यामुळे पुण्या-मुंबईत अनेकांनी रंग धुऊनच विस्कॉन्सिन-यूसीएलए पाहिला असणार. अंतिम सामना रविवारी तिथे ३:३० ला, आपल्याकडे सोमवारी मध्यरात्री १ ला. निवडीची घोषणा पहाटे ३:३० ला. मधे अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात आपली ६८ ची यादी पूर्ण करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. मग खुशाल झोपा, ऑफिस आहेच.